खंडेनवमीची लाल हळद

आमच्या गावच्या शाळेतली प्रयोगशाळा वर्षातून एकदाच उघडायची, खंडेनवमीला, तीही पूजेपुरती. हे आधीच सांगून टाकते, कारण माझा सगळा राग तिथूनच सुरू होतो.

खंडेनवमीला जो तो आपापली हत्यारं पुजतो. आमच्या घरी पूर्वी विळे, कोयता, नांगराचा फाळ पाटावर मांडायचे. आता नांगर राहिला नाही, तेव्हा माझा मुलगा ट्रॅक्टर आणि मोटारसायकल धुऊन त्यांना हार घालतो. पिरंगुटला कारखान्यांत मशिनींना झेंडूच्या माळा बांधतात. आमच्या खोल्यांतली भाडेकरू पोरं कॉम्प्युटरला कुंकू लावतात. यात वाईट काही नाही. ज्याच्यावर पोट भरतं त्याला एक दिवस हात जोडावेत. पण विळा वर्षभर भात कापतो आणि एक दिवस पाटावर बसतो. शाळेतल्या काचेच्या नळ्या वर्षभर कपाटात बसायच्या आणि एक दिवस पाटावर बसायच्या. कामाला त्या कधी लागल्याच नाहीत. हळद-कुंकवाचे डाग मात्र त्यांच्यावर थरावर थर.

माझी नात यंदा दहावीला आहे. माझ्या मुलाची मुलगी. अंगाने काटकुळी, तोंडाने माझ्यासारखी. तिला शास्त्राचा नाद कुठून लागला ते आमच्या घरात कुणालाच सांगता यायचं नाही. मी चौथी शिकले. तिचा बाप बारावीला थांबला आणि शेताच्या कडेला खोल्या बांधून हिंजवडीला नोकरीला जाणाऱ्यांना भाड्याने देऊ लागला. त्यातल्याच एका भाडेकरणीने खोली सोडताना हिला एक मोठा तक्ता दिला. आवर्तसारणी म्हणतात त्याला. पोरीने तो धान्याच्या खोलीच्या दाराला चिकटवला. मी तांदूळ काढायला गेले की तो माझ्या नाकासमोर.

मला वाचता येतं. रंगीत चौकोन, प्रत्येकात इंग्रजी अक्षरं, खाली मराठी नाव. काही नावं ओळखीची निघाली: तांबे, जस्त, कथिल, शिसे, गंधक. बाकीची कुठल्या मुलखातली कुणास ठाऊक.

"आज्जे, सगळं जग ह्यात हाय," ती म्हणाली. "ह्याच्या भायेर काय बी न्हाई."

"शेण कुटं हाय त्यात?"

"कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन." तिने बोटाने भराभरा चार चौकोन दाखवले. "झालं शेण."

मला गप्प बसवणारी माणसं थोडी आहेत, त्यातली ही एक.

तिला शिकलेलं मोठ्याने बोलून दाखवायची सवय. आईला सवड नाही, बाप सदा फोनवर, म्हणून ऐकायला मी. मी ओसरीवर तांदूळ निवडत बसायची आणि ती माझ्यासमोर फरशीवर अणू मांडायची. मी तांदळातून काढलेला खडा मधे ठेवायचा, तो अणूचा गाभा. त्याच्याभोवती तांदळाचे दाणे, ते इलेक्ट्रॉन. पहिल्या फेऱ्यात दोन मावतात, पुढच्यात आठ, असं करत बाहेर जायचं. सोडिअमच्या बाहेरच्या फेऱ्यात एकच दाणा. क्लोरिनच्या बाहेरच्या फेऱ्यात सात, म्हणजे आठाला एक कमी. मग ती सोडिअमचा एकुलता दाणा उचलायची आणि क्लोरिनच्या फेऱ्यात ठेवायची.

"झालं मीठ."

"दिल्याला दाणा परत मागतो का त्यो?"

"न्हाई. पर दोगं एकमेकांना सोडत बी न्हाईत. एकाचं गेलं, एकाला मिळालं, म्हणून एकमेकांची वढ लागती. त्याला बंध म्हणायचं."

"आन पाणी?"

"पाण्यात कोन कुनाला देत न्हाई. दोगांत मिळून दाणे वापरायचे. सामाईक हिरीवानी."

"सामाईक हिरीवर आमच्यात मारामारी झाली व्हती," मी म्हणाले.

तक्त्याच्या अगदी उजवीकडच्या उभ्या ओळीत राजवायू बसतात. त्यांचं घर भरलेलं असतं, त्यामुळे ते कुणाला काही देत नाहीत, कुणाचं काही घेत नाहीत, सहसा कुणाशी संबंधच ठेवत नाहीत. "म्हंजे आपली भावकी," मी म्हणाले. जमिनी विकून दारात गाड्या आल्यापासून भावकीतलं कुणी भाताच्या लावणीला सुद्धा फिरकत नाही. पोरगी एवढी हसली की तिचा निऑन की काय तो माझ्या सुपात उधळला.

पण मी सहजासहजी मानणारी बाई नाही. मी तिला विचारलं, "अणू तू पायला का?"

"न्हाई."

"तुज्या सरांनी?"

"न्हाई."

"मग कशावरून?"

"म्हणून तर प्रयोग करायचे असत्यात, आज्जे. त्यो दिसत न्हाई, पर त्यो काय करतोय ते दिसतं."

आणि प्रयोग तिने एकही केला नव्हता. सर फळ्यावर लिहायचे, मुलं उतरवून घ्यायची. नळीत हे टाकले, अमुक रंग आला. कुणी टाकले? कुठे आला? कपाटाला कुलूप. वर्षाच्या शेवटी प्रात्यक्षिकाचे गुण सगळ्यांना प्रसादासारखे वाटायचे.

ती सरांच्या मागे लागली. रोज विचारायची. शेवटी सर कंटाळून म्हणाले, दसऱ्यानंतर उघडू, दहावीच्या मुलांकडून खरे प्रयोग करून घेऊ, पूजेच्या निमित्ताने कपाट तेवढं साफ करा. हिने आणि दोन मैत्रिणींनी कपाट झाडलं, बाटल्या पुसल्या, ओळीने मांडल्या. घरी आली तेव्हा डोक्यात जळमटं आणि तोंडावर असा आनंद की जणू हिचं लग्न ठरलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. ती दुपारीच परत आली. चपला काढल्या नाहीत. ओसरीच्या पायरीवर बसली आणि जे झालं ते सरळ सांगितलं.

पूजा मराठीच्या बाई करत होत्या. पाटावर बाटल्या, नळ्या, तराजू. बाई प्रत्येक बाटलीला ओल्या हळदीचं बोट लावायच्या, वर कुंकवाचं. एका बाटलीच्या झाकणाखाली पांढरी खपली धरलेली होती. हिने ती तशीच ठेवली होती, कारण ती हाताने पुसायची नसते. तिथे हळदीचं बोट टेकलं आणि पिवळी हळद लाल झाली. रक्तासारखी लाल. बाईंनी पुन्हा बोट लावलं. पुन्हा लाल. वर बोटाची आग व्हायला लागली.

माझी नात मागून ओरडली, "बाई, आदी हात धुवा! त्ये सोडिअम हायड्रॉक्साइड हाय, कातडी खातंय!"

बाईंनी हात धुतला नाही. पदराला पुसला आणि विचारलं, "बाटल्या कुणी मांडल्या?"

"मी."

"तुला अडचण आहे का?"

दहावीची मुलं, मुली, शिपाई, शास्त्राचे सर, सगळे उभे होते. पोरीने खरं सांगितलं. "हो, आहे. पण त्याचा आणि हळदीचा..."

पुढचं कुणी ऐकलं नाही. मुख्याध्यापकांनी तिला घरी पाठवलं. दसऱ्यानंतर प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर 'माझी चूक झाली' म्हणायचं, तोवर प्रयोगशाळेत पाऊल टाकायचं नाही.

आता इथे एक गोष्ट नीट बघा. आमच्याकडे कुणाचा पाय मुरगळला की हळद-चुन्याचा लेप लावतात. तो लाल असतो. लग्नातल्या हळदीचा डाग पडलेल्या लुगड्याला साबण लावला की डाग लाल होतो. हे घरात राहणाऱ्या प्रत्येक बाईने पाहिलेलं आहे. त्या मराठीच्या बाईंनीही पाहिलेलं असणार, त्या काय हवेवर जगत नाहीत. मग शाळेच्या पाटावर हळद लाल झाली तेव्हाच तुम्हाला विटाळ कसा आठवला? आणि तोही लगेच? जे रोज मोरीत दिसतं ते देवापुढे दिसलं की माणसाची अक्कल कुठे जाते, हे मला या वयातही कळलेलं नाही.

संध्याकाळी मुलगा घरी आला. त्याला गावात आधीच कळलं होतं.

"सोपं हाय," तो पोरीला म्हणाला. "सांग, घाबरून हो म्हणले, अडचण न्हवती. मिटलं."

"पर व्हती, बाबा."

"त्ये कुनाला बघायला जायचंय?"

"मग हळद कशानं लाल झाली म्हणून सांगू?"

"त्ये त्यांचं त्ये बघतील. न्हायतर म्हण की चुकलं. दोन शब्द. तोंड झिजतंय का? आन न्हाईच जमलं तर दहावीनंतर कॉमर्स घे. त्यात बाटल्या नसत्यात."

तिची आई चुलीपाशी उभी राहून म्हणाली, "म्हण बाई चुकलं. पोरीच्या जातीनं एवढं ताणू नये."

पोरगी म्हणाली, "मी खोटं बी बोलणार न्हाई आन माफी बी मागणार न्हाई." मग तिचा आवाज फुटला. "पर मला आत जायचंय."

एवढंच तिला हवं होतं. एका कुलपाच्या आत जायचं होतं. घरातले दोघे तिला त्यासाठी खोटं बोल किंवा वाक म्हणत होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली ती अशी.

दसऱ्यानंतर शाळा भरली त्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. पिशवीत हळदीची पुडी आणि एक लिंबू. मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन उभी राहिले.

"या आजी, बसा. चहा सांगू?"

"चा प्यायला आले न्हाई. त्या बाईंना आन शास्त्राच्या सरांना बोलवा."

"आजी, आम्ही तिला शाळेतून काढलेलं नाही. समजून घ्या, भावनांचा प्रश्न असतो."

"कुनाच्या भावना? बाटलीच्या?"

दारातला शिपाई हसला आणि लगेच पाठ फिरवून उभा राहिला.

बाई आल्या, सर आले. मी डाव्या तळहातावर हळद घेतली, पाण्याने कालवून फासली. कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन होतं, तिथला साबण ओला करून तळहातावर चोळला. हात लालभडक. तो हात मी बाईंच्या पुढे धरला.

"बाई, माझी पाळी जाऊन लई वर्सं झाली. मालक गेल्यापासून कपाळाला कुंकू न्हाई. ह्या हळदीला आता कुनाचा विटाळ झाला, सांगा."

मी नातीला म्हणाले, "पिळ लिंबू." तिने टेबलावरची कातर घेऊन लिंबू चिरलं, पिळलं. हात परत पिवळा.

"अर्ध्या लिंबात सुटला बगा विटाळ."

तेवढ्यात सर म्हणाले, "आजी, मला माहीत होतं. हळद दर्शक आहे. आम्लारीत लाल होते, आम्लात पिवळी राहते. पुस्तकातच आहे."

हे ऐकून मला जो राग आला तो बाईंवरही आला नव्हता.

"ठाव व्हतं? मग त्या दिवशी तोंडात काय धरलं व्हतं?"

"सगळ्यांसमोर बाईंचा अपमान झाला असता."

"आन पोरीचा झाला त्यो?"

सर टेबलाच्या काचेकडे बघू लागले. काचेखाली शाळेचे जुने फोटो होते.

बाई हळूच म्हणाल्या, "आजी, माझं बोट खरंच भाजलं हो." त्यांनी बोट पुढे केलं. टोकाची कातडी गेली होती, खाली गुलाबी दिसत होतं. मी ते बोट धरून पाहिलं. खोटं नव्हतं.

"ही पोरगी हात धुवा म्हणाली तवा धुतला असता, तर भाजलं नसतं," मी म्हणाले. "तुमची काळजी करणारी तिथं तेवढी एकच व्हती. तिलाच तुमी भायेर काढलं."

बाईंनी बोट मागे घेतलं. माफी मागितली नाही. आजतागायत मागितलेली नाही. हे मी विसरणार नाही.

मुख्याध्यापकांना मिटवायची घाई. "ठीक आहे. तिने काही म्हणायची गरज नाही, विषय संपला. आणि पुन्हा असा वाद नको म्हणून यंदा आपण लॅबच उघडायची नाही. मुलांचं नुकसान होणार नाही. गुण सगळ्यांना मिळतीलच."

म्हणजे पोरीला आत जायची परवानगी मिळाली आणि दार बंद झालं. ते स्वतःवर खूश होते. नात म्हणाली, "सर, मला गुण नकोत. मला प्रयोग करायचेत." ते म्हणाले, "बाळ, आधी मार्कांकडे लक्ष दे."

दुसऱ्या दिवशी मी सूप घेतलं, तांदळाचा डबा घेतला आणि प्रयोगशाळेच्या दारासमोर व्हरांड्यात जाऊन बसले. तांदूळ निवडायचे ते घरी काय आणि इथे काय.

शिपाई आला. "आजी, हितं बसता येत न्हाई."

"का? मला बी अडचण हाय का?"

तो गेला. मुख्याध्यापक दोनदा समोरून गेले, दोन्ही वेळा भिंतीवरचे सुविचार वाचत. मधल्या सुट्टीत पोरं गोळा झाली. एकाने विचारलं, "आजी, इथं काय करताय?" मी सांगितलं, "दार उघडायची वाट बगतीया." पोरांनी घरी जाऊन सांगितलं असणार, कारण मुलगा संध्याकाळी लालबुंद होऊन आला.

"आये, गावात तोंड दाखवायला जागा ठेव मला."

"माजं तोंड मी रोज शाळंत दाखवतीया. तुज्या तोंडाचं तू बग."

मी रोज जात राहिले. हिच्या एका मैत्रिणीची आई लसूण सोलायला घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. "माझ्या बी पोरीनं कपाट पुसलंय," एवढंच म्हणाली. मग तासाची घंटा झाली की आत फळा आणि बाहेर आम्ही दोघी, असा आमचा वर्ग भरायचा. लसणाचा वास थेट मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत जात होता, आणि जावा असंच आम्हाला वाटत होतं.

असं चाललं असताना एका सकाळी शास्त्राचे सर समोर येऊन उभे राहिले. हातात किल्ली.

"आजी, जरा सरका."

मी सूप उचललं आणि सरकले. मुख्याध्यापकांना विचारून आले का, हे मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. कुलूप गंजलेलं, किल्ली फिरेना, तेव्हा मैत्रिणीच्या आईने जेवणाच्या डब्यातल्या चटणीवरचं गोडेतेल दिलं. दार उघडलं तसा आतून झेंडूच्या कुजलेल्या माळांचा वास आला. खंडेनवमीनंतर ती पूजा कुणी उतरवली सुद्धा नव्हती.

सर आमच्याकडे न बघता म्हणाले, "मीसुद्धा कॉलेजनंतर हातात नळी धरलेली नाही. आठवावं लागेल." मला त्यांचा राग होता, अजून आहे. पण हे ते मुलांसमोर म्हणाले, हेही लिहून ठेवते.

मुलं रांगेने आत निघाली. माझी नात रांगेत सगळ्यात पुढे होती, ती दारातच थांबली, मागे वळली आणि माझ्या कानाशी वाकली.

"आज्जे, आज बी हाय मला."

"काय?"

"अडचण."

मी तिच्याकडे पाहिलं. तोंड हसरं, पण पाय उंबऱ्याच्या अलीकडेच. एवढं सगळं होऊनही तिचा पाय तिथे अडला होता. त्या बाईंनी विचारलेला प्रश्न त्या पायात शिरून बसला होता, आणि तो मी कुठल्या साबणाने काढणार होते? मला पुन्हा सगळ्यांचा राग आला, पहिल्यापेक्षा जास्त.

"बाटल्यांनी इचारलं का तुला?" मी म्हणाले. "न्हाई ना? मग जा आत. आन ती खपलीवाली बाटली आदी झाकणासकट नीट पुसून घ्या, हातात कायतरी घालून."

ती आत गेली. मी सूप मांडीवर घेतलं आणि बसले तिथेच. आतून सरांचा आवाज, काचेवर काच लागल्याचा आवाज, मग एकदम सगळ्या पोरांचा ओरडा. काहीतरी लाल झालं असावं.